सिको फाइव्ह आणि सहा पट्टे: डोंबिवली लोकलमधला दोन वर्षांचा रिव्ह्यू

सरळ सांगते, घड्याळ घेताना आपण सगळे डायल बघतो, ब्रँड बघतो, फार तर ऑटोमॅटिक आहे की सेलवालं आहे ते विचारतो आणि बिल करून मोकळे होतो. पट्ट्याकडे लक्ष जातं ते घरी आल्यावर. माझ्याकडची तीन घड्याळं अशीच वर्षानुवर्षं कपाटात पडून होती, तिन्ही दिसायला छान, तिन्ही चालू, पण घातली की दुपारपर्यंत काढून पर्समध्ये टाकावीशी वाटायची. म्हणून हा रिव्ह्यू एका घड्याळाचा आहे आणि त्यावर मी दोन वर्षांत चढवलेल्या सहा पट्ट्यांचा आहे, आणि त्यातही पट्ट्यांचाच जास्त आहे.

घड्याळ म्हणजे सिको फाइव्ह स्पोर्ट्सचं फील्ड मॉडेल (सैनिकी धाटणीचं, साधं आणि पटकन वाचता येणारं), एसआरपीजी २७. काळी डायल, मोठे पांढरे आकडे, वार-तारीख, स्टीलची चेन. तीस हजारांच्या आत बसलं. रोजचा प्रवास डोंबिवली ते परळ, बहुतेक वेळा उभ्याने, एक हात वरच्या कडीला आणि दुसऱ्या हातात डबा, त्यामुळे माझ्या घड्याळाची आणि पट्ट्याची परीक्षा तिथेच होते, शोरूमच्या मऊ लाइटखाली नाही होत.

आधी साइजचं बोलू कारण बायकांना दुकानात सगळ्यात जास्त त्रास तिथेच होतो. मी काउंटरवर गेले की समोरचा माणूस माझं मनगट बघून न विचारता २८ मिलिमीटरवाला खड्यांचा ट्रे काढतो. मी म्हणते दादा मला ते नको, तिकडचं काळं दाखवा, की उत्तर ठरलेलं, "मॅडम ते जेन्ट्स आहे." अहो जेन्ट्स असू दे ना. मला चालत्या गाडीत एका नजरेत वेळ कळायला हवी, चष्मा कपाळावर असला तरी कळायला हवी. माझं मनगट सव्वासहा इंच आहे आणि या घड्याळाची केस ३९.४ मिलिमीटर आहे, ऐकायला मोठी वाटते, पण खरा आकडा तो नाहीच. खरा आकडा लग टू लग. पट्टा ज्यात अडकतो ती केसची चार शिंगं असतात ना त्यांना लग म्हणतात, तर वरच्या शिंगाच्या टोकापासून खालच्या शिंगाच्या टोकापर्यंतचं अंतर. याचं आहे ४८.१. आता आपला हात टेबलावर पालथा ठेवा आणि मनगटाची वरची जी सपाट बाजू आहे तिच्यावर आडवी मोजपट्टी ठेवा. माझी ५१ भरते. म्हणजे लग आत बसतात, पट्टा लगेच खाली वळतो आणि हाताला धरून राहतो. लग मनगटाच्या बाहेर गेले की पट्टा आधी हवेत सरळ जातो मग खाली पडतो, मधे फट दिसते आणि दिवसभर घड्याळ कुठल्या ना कुठल्या बाजूला कलंडत राहतं. माझ्या कपाटातलं एक घड्याळ ३६ मिलिमीटरचं आहे पण लग इतके लांब की हे ३९वालं त्याच्यापेक्षा लहान वाटतं. ऑनलाइन घेत असाल तर हा आकडा वेबसाइटवर बऱ्याचदा नसतोच, विक्रेत्याला मेसेज करून विचारा, नाही सांगितला तर सरळ पुढे जा.

जाडी १३.२ मिलिमीटर आहे हे मात्र लक्षात ठेवूनच घ्या. ऑटोमॅटिकमध्ये हात हलला की आतलं एक वजन फिरतं आणि स्प्रिंग भरते, त्या वजनाला फिरायला जागा लागते त्यामुळे एवढी जाडी येतेच, पण कुर्त्याची चुणीदार बाही किंवा शर्टाचा कफ घट्ट असेल तर अडकणार. ज्यांना बाहीखाली गुपचूप जाणारंच घड्याळ हवंय त्यांनी टायटन एज हातात घेऊन बघावं, सेलवालं आहे पण साडेतीन मिलिमीटर जाडीचं, आणि ते आपल्याकडे बनलं याचा मला खरंच अभिमान वाटतो.

मशीनचं थोडक्यात. मशीनचं नाव ४आर३६, २४ ज्वेल्स म्हणजे घर्षण कमी करणारे आतले बारीक खडे, पूर्ण भरल्यावर ४१ तास चालतं. शुक्रवारी संध्याकाळी काढून ठेवलं तर सोमवारी सकाळी बंद सापडतं, मग दहावीस वेळा किल्ली फिरवायची की चालू. किल्ली देता येणं आणि तीच किल्ली बाहेर ओढली की सेकंद काटा थांबणं या दोन्ही गोष्टी यात आहेत, सिकोच्या जुन्या ७एस२६ मशीनमध्ये दोन्ही नव्हत्या, म्हणजे खूप जणांचं पहिलं ऑटोमॅटिक असलेलं ते एसएनके ८०९ सुरू करायला हलवायलाच लागायचं. कंपनी सांगते दिवसाला ४५ सेकंद पुढे ते ३५ सेकंद मागे एवढा फरक पडू शकतो, माझं साधारण नऊ सेकंद पुढे जातं आणि मी दर रविवारी मिळवते. सेलवाल्या घड्याळात क्वार्ट्झ सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतं, त्याची बरोबरी स्प्रिंगवरचं मशीन करू शकत नाही. ज्याला सेकंदाचा हिशोब लागतो त्याने सेलवालंच घ्यावं, त्यात काही कमीपणा नाही.

आणि एक, रात्री ९ ते पहाटे ४ या वेळात तारीख बदलायला जाऊ नका, आतले दाते तेव्हा तारीख फिरवायच्या तयारीत असतात, जबरदस्ती केली की दाता तुटतो. आधी काटे सकाळच्या सहावर आणायचे आणि मग तारीख. हे मला आमच्या घड्याळवाल्या काकांनी सांगितलं, स्टेशनजवळ जिन्याखाली त्यांचं टेबल आहे, डोळ्याला भिंग लावून बसलेले असतात. मागच्या वर्षी घड्याळ अचानक दिवसाला चार-पाच मिनिटं पुढे जायला लागलं तेव्हा मी घाबरून त्यांच्याकडे गेले, मनात म्हटलं गेले पैसे. त्यांनी उघडलं पण नाही. होकायंत्र जवळ नेलं, सुई हलली. "रात्री कुठे ठेवतेस गं?" ठेवत होते टॅबच्या कव्हरवर, त्याला लोहचुंबक. त्यांच्याकडे एक निळी डबी असते, तिच्यावर घड्याळ ठेवून बटण दाबलं आणि हळूहळू वर उचललं, झालं काम. पन्नास रुपये पण घेईनात. तेव्हापासून मी कुठलंही ऑटोमॅटिक पुढे पळायला लागलं की सर्व्हिसिंगचे पैसे देण्याआधी हे करून बघा असं सगळ्यांना सांगते.

आता पट्टे. लगमधली रुंदी याची २० मिलिमीटर आहे आणि हा घड्याळ घेण्यामागचा माझा मोठा मुद्दा होता. १८, २० आणि २२ चे पट्टे हवे तेवढे मिळतात. १९ किंवा २१ असेल तर शोधत बसा, शिवाय काही ब्रँड लगची रचनाच अशी करतात की त्यांचाच पट्टा बसतो, तो संपला की घड्याळ संपलं. मी अशा घड्याळाला हातच लावत नाही आता, डायल कितीही सुंदर असू दे.

पहिला पट्टा म्हणजे सोबत आलेली स्टीलची चेन. पावसाळ्यात चेनसारखं काही नाही, पुसली की झालं. पण चेन हाताला बसवून घेणं ही कला आहे. दुकानात सकाळी ११ वाजता एसीमध्ये बसवतात, तेव्हा परफेक्ट असते, आणि मे महिन्यात दुपारी हात सुजल्यासारखा होतो तेव्हा तीच चेन काचते. म्हणून चेन कमी करायला संध्याकाळी जा, चालून-बिलून गेल्यावर, आणि करंगळी आत जाईल एवढी सैल ठेवून घ्या. कड्या दोन्ही बाजूंनी सारख्या काढायला सांगा, नाहीतर क्लास्प, म्हणजे चेन बंद करायची पट्टी, मनगटाच्या मधोमध न येता एका बाजूला सरकतो आणि टेबलावर हात ठेवला की टोचतो. घरी करणार असाल तर कडीच्या आतल्या बाजूला बाण असतो, पिन त्याच दिशेने ढकलायची. क्लास्पच्या बाजूला बारीक भोकं असतात, त्यातली पिन एक भोक इकडेतिकडे केली की दोन-तीन मिलिमीटरचा फरक पडतो, तेवढ्याने उन्हाळा-हिवाळ्याचं भागतं. काढलेल्या कड्या मागून घ्या आणि जपून ठेवा, घड्याळ कधी विकायचं झालं तर घेणारा पहिला तोच प्रश्न विचारतो.

दुसरा पट्टा मी ऑनलाइन घेतला, सिलिकॉनचा, साडेतीनशे रुपयांचा, पट्टा लगमध्ये अडकवणारी स्प्रिंगची पिन बोटानेच काढता येते तसला. इथेच मला अद्दल घडली. दिसायला मस्त होता, मऊ होता. सिलिकॉनला कपड्यांचे धागे, धूळ, पावडर सगळं चिकटतं, काळा पट्टा दोन दिवसांत राखाडी दिसतो, ते एक वेळ चालवून घेतलं. पण जुलैमधल्या एका सकाळी दादरला उतरताना, तुम्हाला माहितीय उतरताना काय होतं, मागून लोंढा येतो आणि आपण फक्त पाय उचलायचे असतात, कोणाच्या तरी बॅगेचा बंद माझ्या मनगटाला अडकला, टक्क असा बारीक आवाज आला आणि हात एकदम हलका झाला. घड्याळ खाली. मी प्लॅटफॉर्मवर पाठमोरी उभी राहून ओरडले, "घड्याळ पडलंय, पाय सांभाळा!" आणि दोन अनोळखी बायकांनी खरंच हात पसरून गर्दी थांबवली, त्यातल्या एकीने वाकून उचलून दिलं. काच शाबूत होती, केसच्या कडेला एक ओरखडा आहे तो अजून आहे, तारखेच्या बाजूला बोट फिरवलं की लागतो. पट्ट्याबरोबर आलेली पिन वाकली होती, अगदी पेपर क्लिपसारखी. विक्रेत्याने पैसे परत दिले नाहीत, रिप्लायच दिला नाही.

काकांनी ती पिन बघितली आणि ड्रॉवरमधून एक त्यांची काढून शेजारी ठेवली. जाडीत फरक डोळ्यांना दिसत होता, त्यांची १.८ मिलिमीटरची आणि ही त्याच्यापुढे सुई. म्हणाले, "पट्टा स्वस्त घे हवं तर, पिन स्वस्त घेऊ नकोस." सिकोच्या डायव्हर म्हणजे पाण्यात बुडी मारायच्या घड्याळांना तर अडीच मिलिमीटरच्या जाडजूड पिना असतात, त्यांना बारीक पिन लावली की टोक भोकात खेळत राहतं. तेव्हा पट्टा बदलताना जुन्या पिना सुस्थितीत असतील तर त्याच वापरा, नवीन घेतल्या तर दोन्ही टोकं बोटाने दाबून बघा, स्प्रिंग कडक लागली पाहिजे, आणि लावल्यावर पट्टा दोन्ही दिशांना ओढून कानाशी धरा, पिन बसल्याचा आवाज येतो. मी हे आता प्रत्येक वेळी करते. चाळीस रुपयांच्या पिनेवर तीस हजारांचं घड्याळ लटकत असतं.

त्याच आठवड्यात तिसरा पट्टा आला, नाटो. नायलॉनचा एकच लांब पट्टा, दोन्ही पिनांच्या खालून जातो, त्यामुळे एक पिन तुटली तरी घड्याळ दुसरीवर लोंबकळत राहतं, पडत नाही. ही ब्रिटिश संरक्षण खात्याची कल्पना, त्यांचं १९७३ चं स्टँडर्ड आहे, मूळचा राखाडी रंगाचा आणि २० मिलिमीटरचा, आणि सैनिकांना जी१०९८ नावाचा फॉर्म भरून तो मिळायचा म्हणून शौकीन लोक त्याला जी१० पण म्हणतात. मला लोकलसाठी हा पट्टा मनापासून आवडतो. घामाने भिजला की रात्री साबणाच्या पाण्यात टाकायचा, सकाळी वाळलेला. पण दोन गोष्टी. एक म्हणजे हा घड्याळाच्या खालून जातो त्यामुळे उंची वाढते, आधीच १३.२ असलेलं घड्याळ पार वर चढून बसतं, लहान मनगटावर ते वाटीसारखं दिसतं. यावर उपाय म्हणजे खालचा जादा पदर नसलेला पट्टा घ्यायचा, सिंगल पास म्हणतात, दिसतो तसाच आणि थोडा खाली बसतो. दुसरं म्हणजे भोकं कापून केली आहेत की उष्णतेने वितळवून ते बघा. कापलेल्या भोकांचे धागे महिन्याभरात सुटतात. कडेने नख फिरवलं तर लगेच कळतं.

चौथा पट्टा पर्लॉनचा, तोही एक प्रकारचा नायलॉनच. विणलेला असतो, भोकं नसतातच, बकलची सुई विणीत कुठेही घालायची, म्हणजे अगदी आपल्या मापाचा होतो. मे महिन्यात हा. हवा खेळते, खाली घामोळं येत नाही. वजन तर जाणवतच नाही. बाकी याच्याबद्दल तक्रार काहीच नाही, फक्त हळद लागली तर विसरा, माझ्याकडचा पांढरा पर्लॉन एका लग्नाच्या हळदीत कायमचा पिवळा झाला.

पाचवा रबरचा, एफकेएम म्हणतात त्या चांगल्या प्रतीच्या कृत्रिम रबरचा. दोन हजारांच्या वर गेला, घरी कोणाला किंमत सांगितली नाही बरेच दिवस. सिलिकॉन आणि हा एकत्र हातात धरा, फरक सांगावा लागणार नाही. हा जड लागतो, धूळ चिकटत नाही, घाम, तेल, सनस्क्रीन कशानेही खराब होत नाही. घड्याळ १०० मीटर वॉटर रेझिस्टंट आहे त्यामुळे तारकर्लीला समुद्रात बिनधास्त घालून गेले, आल्यावर गोड्या पाण्याने धुतलं. इथे एक सांगायलाच हवं, डायलवर ३० मीटर लिहिलंय म्हणजे ३० मीटर खोल जाता येतं असं कोणीही समजू नका. तो प्रयोगशाळेतला स्थिर दाब आहे. ३० म्हणजे हात धुताना उडालेलं पाणी, पोहायचं असेल तर १०० बघा, आणि खरंच खोल पाण्यात बुडी मारायची तर आयएसओ ६४२५ प्रमाणे तपासलेलं डायव्हर घड्याळ. माझ्या भावाच्या ३० मीटरवाल्याच्या काचेत पहिल्याच पावसात वाफ धरली होती. आणि घड्याळ जुनं झालं की आतली रबरी रिंग सुकते, तेव्हा मागचं झाकण उघडलं की रिंग बदलायला सांगा, पंचवीस-पन्नास रुपयांचं काम आहे.

सहावा पट्टा चामड्याचा आणि त्याची गोष्ट जरा मोठी आहे.

आधी मी एका दुकानातून घेतला होता, पाठीवर जेन्युइन लेदर असा शिक्का. चार महिन्यांत वरचा थर पापडासारखा सुटला आणि आतून करड्या लगद्यासारखं काहीतरी निघालं. तेव्हा कळलं की हा शिक्का म्हणजे फक्त चामडं आहे एवढंच, कुठल्या थराचं आहे ते सांगत नाही. चामडं सोलून त्याचे थर करतात, वरचा थर जिथे केसांची छिद्रं दिसतात तो सगळ्यात मजबूत, खालच्या थरावर रंगाचा आणि प्लास्टिकचा लेप देऊन पट्टा करतात आणि तो नवीन असताना वरच्यापेक्षाही गुळगुळीत दिसतो. पट्टा हातात घेऊन वाकवा. खऱ्या वरच्या थरावर बारीक सुरकुत्या येतात आणि सोडल्या की जातात, लेपावर रेघ पडते ती तशीच राहते. कड बघा, कडेला जाड रंग फासला असेल तर आत काय आहे ते लपवलंय असं मी तरी धरते.

मग ऑफिसमधल्या एकीने सांगितलं धारावीत जा. सायन-बांद्रा लिंक रोडला चामड्याच्या बॅगांची दुकानं आहेत ती सगळ्यांना माहीत असतात, त्यांच्या मागच्या गल्लीत एका माळ्यावर पट्टे शिवणारे एक चाचा आहेत. जिना इतका उभा की दोरी धरून चढायचं. वर गेल्यावर चामड्याचा आणि सोल्युशनचा वास, भिंतीला टेकवलेले चामड्याचे रोल, आणि चाचा जमिनीवर मांडी घालून बसलेले. मी म्हटलं २० मिलिमीटरचा हवाय. त्यांनी आकडा ऐकूनच घेतला नाही. "मॅडम, हात इधर रखो." मनगटाभोवती कागदाची पट्टी गुंडाळली, जिथे जुळली तिथे पेन्सिलने खूण केली, मग घड्याळ ठेवून परत खूण केली. म्हणाले बाजारातला पट्टा १२० आणि ७५ मिलिमीटरचा असतो, भोकांचा तुकडा १२० आणि बकलचा ७५, तुमच्या हाताला तो कधीच बसणार नाही. बरोबर होतं! आयुष्यभर मी प्रत्येक पट्ट्याला सुई तापवून जादा भोक पाडत आलेय आणि उरलेली शेपटी हाताभोवती फिरून परत येते. त्यांनी मला १०५ आणि ६५ चा कापून दिला. दोन्ही तुकडे असे कापले की बकल बरोबर मनगटाच्या खाली मधोमध येतं, आणि भोकं पाच, मी मधल्यात घालते, म्हणजे उन्हाळ्यात एक पुढे थंडीत एक मागे.

चामडं त्यांनी दोन दाखवली. एक क्रोमचं, म्हणजे क्रोमियमच्या रसायनात कमावलेलं, मऊ, रंग एकसारखा. दुसरं झाडाच्या सालीत कमावलेलं, सुरुवातीला पुठ्ठ्यासारखं कडक, फिकट बदामी. त्यांनी बोटाने त्याच्यावर थुंकीचा एक थेंब लावला, डाग पडला, आणि म्हणाले अभी दाग है, छह महिने में पूरा ऐसा होगा. मी तेच घेतलं. कोल्हापुरी चपलांचं चामडं असंच कमावतात, त्यामुळे मला त्याचा वासच ओळखीचा वाटला, आजीच्या घराच्या पडवीतला. शिलाई मेणाच्या दोऱ्याने, दोन सुयांनी, प्रत्येक टाक्याला दोन्ही बाजूंनी दोरा ओढून. मशीनच्या टाक्यात एक दोरा तुटला की उसवत जातं, यात जात नाही. लगपाशी चामडं पिनेभोवती वळवून परत आत शिवतात, तिथे दोन पदर येतात, तिथे जाडी जास्त झाली तर पट्टा केसला घासतो, चाचांनी तेवढाच भाग सुरीने तासून पातळ केला आणि तीनदा लावून बघितला. पाऊण तास लागला. नऊशे रुपये. मी घासाघीस केली नाही आणि करूही नये.

पहिले दोन आठवडे पट्टा ऐकत नव्हता, बांगडीसारखा उभा राहायचा. आता दीड वर्ष झालंय, रंग गुळासारखा झालाय, आतून माझ्या मनगटाचा आकार आलाय, घड्याळ काढून ठेवलं तरी तो तसाच वळलेला राहतो. हाच पट्टा लागल्यापासून हे घड्याळ माझं झालं असं मला वाटतं. चामड्याला पाणी मात्र चालत नाही, जून लागला की मी उतरवते. पहिल्या वर्षी उतरवला आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवला तर गणपतीपर्यंत पांढरी बुरशी, मग मऊ कापडाने पुसून, सावलीत वाळवून, थोडं मेण लावून वाचवला. पिशवीत कोंडायचा नाही, हवेशीर ठेवायचा.

या चाचांकडेच मी नंतर बाबांच्या एचएमटी जनताचा पट्टा केला. बाबांना ते लग्नात मिळालेलं, ८३ साली. किल्लीचं घड्याळ, १७ ज्वेल्स, लगमध्ये १८ मिलिमीटर. एचएमटीने १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळुरूला घड्याळं करायला सुरुवात केली आणि २०१६ मध्ये कारखाना बंद झाला, पण काका म्हणतात ही मशीन्स अजून वीस-तीस वर्षं सहज चालतील कारण सुटे भाग मिळतात आणि दुरुस्त करणारे हात अजून आहेत. काच ॲक्रिलिकची म्हणजे प्लास्टिकची, चरे पडून पार धुरकट झालेली, मला वाटलं बदलावी लागणार. काकांनी टूथपेस्ट लावून सुती कापडाने गोल गोल घासत बसायला सांगितलं, दहा-पंधरा मिनिटांत खालचे आकडे वर आल्यासारखे दिसायला लागले. हे फक्त ॲक्रिलिकवर चालतं हां, मिनरल किंवा सफायर काचेवर काही होत नाही. सफायरवर सहसा चरा पडत नाही पण जोरात आपटली तर फुटते, सिकोच्या या मॉडेलला हार्डलेक्स आहे, ती मधली.

जुनं घ्यायचं मनात असेल तर अजून एक गोष्ट. ऑनलाइन स्वस्तात जुनी सिको आणि एचएमटी दिसतात, नारिंगी नाहीतर हिरव्यागार डायलची, नव्यासारखी चकाचक. परदेशातले शौकीन त्यांना मुंबई स्पेशल म्हणतात आणि मुंबईची म्हणून मला ते नाव ऐकून वाईट वाटतं. डायल परत रंगवलेली, काटे दुसऱ्याचे, केस पॉलिश करून करून कडा गोल झालेल्या, आत चार घड्याळांचे भाग. चालतातही काही दिवस. मीही एक एचएमटी पायलट घ्यायला निघाले होते, काकांना फोटो दाखवला, त्यांनी मोबाइलवर दोन बोटांनी मोठा करून फक्त अक्षरं दाखवली, कडा शाईसारख्या पसरलेल्या. कारखान्यातली छपाई भिंगाखाली धारदार दिसते. सिको असेल तर मागच्या झाकणावर सहा आकडी नंबर असतो, त्यातला पहिला आकडा म्हणजे सालाचा शेवटचा आकडा आणि दुसरा म्हणजे महिना, ऑक्टोबरला शून्य आणि नोव्हेंबर-डिसेंबरला एन आणि डी. विकणारा सांगतोय ते दशक आणि हा नंबर जुळतो का बघा, आणि झाकण उघडून मशीनचा फोटो मागा. देत नसेल तर सोडून द्या. घासलेली, डाग असलेली पण मूळची डायल मी कधीही घेईन.

कोणी विचारलं की पंधरा हजार आहेत काय घेऊ, तर मी सांगते, बारा-तेराचं घड्याळ घे आणि बाकीचे पट्ट्याला आणि पिनांना ठेव. त्यांना ते पटत नाही सुरुवातीला. माझी मावशी मागच्या महिन्यात तिचं जुनं टायटन घेऊन आली, म्हणाली हे कुणाला तरी देऊन टाक, टोचतं. मी त्याला मऊ पट्टा लावून दिला, छोट्या मापाचा, अडीचशेचा. परवा फोटो पाठवलाय भाजी निवडतानाचा, घड्याळ हातात.

सध्या पाऊस सुरू आहे म्हणून सिकोवर एफकेएम आहे आणि लोकलच्या गर्दीचे दिवस असले की नाटो. बदामी पट्टा कपाटात सुती रुमालावर ठेवलाय, शेजारी सिलिका जेलच्या दोन पुड्या, दर रविवारी काढून बघते. दसऱ्याला परत चढवणार.